खर्ज कोणी वाजवायचा?

आपल्या धर्मग्रामांतून वाद्यखरेदीचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच वळणाने जाते. सण जवळ आलेला असतो, एखादा उदार देणगीदार पुढे आलेला असतो आणि समितीतील कुणी माहीतगार दुकानातून कीबोर्डची माहितीपत्रके घेऊन येतो. कोणत्या यंत्रात आवाज किती, तयार ताल किती, गाणी साठवण्याची सोय किती, याची तुलना सुरू होते. ज्याचा आकडा मोठा ते यंत्र श्रेष्ठ ठरते. लग्नसमारंभात वाजवणाऱ्या आपल्या बॅण्डवाल्यांचीही रीत याहून फारशी वेगळी नाही. हे वाजवणार कोण, आणि ते वाजवता वाजवता त्याच्या हाताला काय शिकायला मिळणार, हा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी येतो. पुष्कळदा तो येतच नाही.

या लेखाचा रोख या खरेदीच्या रीतीवर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : वाद्य निवडताना ते आपणहून किती कामे करते हे पाहू नये, ते वादकाकडून कोणते काम करवून घेते हे पाहावे. या एका कसोटीकडे पाठ फिरवल्यामुळे आपल्या समाजात बेस गिटार वाजवणारा तरुण दुर्मिळ होत चालला आहे आणि कीबोर्ड वाजवणाऱ्याचा डावा हात निकामी होत चालला आहे. खर्ज, म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणारा तो जाड, खोल आवाज, आपण यंत्राकडे सोपवून मोकळे झालो आहोत. तो परत माणसाच्या हाती द्यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. विजेवर चालणाऱ्या वाद्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. बेस गिटार हे स्वतःच त्या काळचे यंत्र होते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. स्वतः फेंडर गिटारवादक नव्हते. पण गावोगाव कार्यक्रम करीत हिंडणाऱ्या वादकांची अडचण त्यांनी नेमकी ओळखली होती. माणसाहून उंच असा डबल बेस गाडीतून न्यायचा, आणि इतके करूनही कर्णे व ढोल यांच्या गदारोळात तो ऐकू यायचा नाही, ही ती अडचण. फेंडर यांनी खांद्याला अडकवता येईल असे, ३४ इंच लांबीच्या तारांचे, दांडीवर पडदे बसवलेले वाद्य तयार केले. पडद्यांमुळे सूर नेमका लागे. म्हणून त्याचे नावच 'प्रिसिजन'. या यंत्राने वादकाचे ओझे कमी केले, त्याचे काम मात्र काढून घेतले नाही. कोणता सूर वाजवायचा, केव्हा वाजवायचा आणि केव्हा गप्प राहायचे, हे वादकानेच ठरवायचे होते. उलट ज्यांना डबल बेस परवडत नव्हता वा पेलत नव्हता, अशा असंख्यांना या वाद्याने वादक बनवले.

आता ज्याला 'अरेंजर' म्हणतात त्या कीबोर्डकडे पाहू. यात वादक डाव्या हाताने एक स्वरमेळ, म्हणजे कॉर्ड, दाबून धरतो. उरलेले यंत्र करते. ढोल वाजतात, गिटार वाजते, आणि त्या कॉर्डच्या मूळ सुरावर खर्जाची ठरलेली चाल आपोआप फिरू लागते. मूळ ही सोय घरगुती ऑर्गनवर हौसेने वाजवणाऱ्यांसाठी होती. एकट्याने घरी बसून रिझवून घ्यावे, हा तिचा हेतू. आणि तेथे ती निर्दोष आहे. घोटाळा झाला तो ती सोय बैठकीच्या खोलीतून उचलून थेट वेदीपाशी आणि लग्नाच्या व्यासपीठावर नेऊन बसवली तेव्हा.

या सोयीचा पहिला बळी डावा हात. चार आवाजांच्या स्तोत्ररचनेत सर्वांत खालचा आवाज नुसता मूळ सुरावर उड्या मारीत नाही. तो पायरीपायरीने चढतो व उतरतो, कधी कॉर्डमधला मधला सूर धरून पुढच्या ओळीकडे वाट काढतो. गाण्याला चालना मिळते ती या हालचालीने. तयार तालातील खर्ज बहुधा मूळ सुराला चिकटून राहतो. काही यंत्रांत ही चाल बदलण्याची व्यवस्था असते, पण ती वापरायला खर्ज कसा चालतो याची जाण लागते. आणि ती जाण असलेल्याला मुळात यंत्राचा खर्ज नकोच असतो.

दुसरा बळी कान. कीबोर्डवरील 'ट्रान्सपोज' नावाच्या बटणाने आपल्या वादकांच्या एका पिढीला पांढरी एकच्या घरात कोंडून ठेवले आहे. गायिकेला काळी दोनमध्ये गायचे असेल तर वादक बटण तीनदा दाबतो आणि बोटे मात्र पांढरी एकवरच फिरवत राहतो. एकटा वाजवीत असेल तोवर हे खपून जाते. शेजारी बेस गिटार घेऊन एखादा होतकरू मुलगा उभा राहिला की पंचाईत सुरू होते. तो कीबोर्डवाल्याच्या बोटांकडे पाहून पांढरी एक वाजवतो, ध्वनिक्षेपकातून काळी दोन येत असते, आणि सगळे त्या मुलाकडे वळून पाहतात. डोळ्यांना दिसते एक, कानांना ऐकू येते दुसरे. अशा ठिकाणी कोणता मुलगा दुसऱ्या रविवारी पुन्हा येईल?

तिसरा बळी उपासक समाज, आणि माझ्या मते हा सर्वांत मोठा. देवळात गाणारे लोक म्हणजे तालीम केलेला गायकवृंद नव्हे. त्यात सत्तरीतल्या बाया असतात, लहान मुले असतात, दिवसभर शेतावर किंवा लोकलच्या गर्दीत शिणून आलेली माणसे असतात. ओळ संपली की ती श्वास घेतात, आणि तो श्वास कधी अर्ध्या मात्रेचा असतो तर कधी दीड मात्रेचा. हार्मोनियम वाजवणारा जुना मास्तर त्या श्वासासाठी भाता सैल सोडीत असे. ऑर्गनवाला बोट किंचित उचलून धरीत असे. बेस गिटार वाजवणारा शेवटचा सूर लांबवून लोकांची वाट पाहू शकतो. तयार ताल कोणाची वाट पाहत नाही. लोक मागे पडतात, मग गोंधळतात, मग गप्प होतात. आणि गायकवृंदातील चौघेजण ध्वनिक्षेपकावर गात राहतात. मग आपणच तक्रार करतो, की हल्ली लोक मिस्सात गात नाहीत.

ख्रिस्तसभेने या बाबतीत काही सांगितले आहे काय? सांगितले आहे, आणि ते स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानाच्या १२०व्या परिच्छेदात पाइप ऑर्गनचा गौरव केलेला आहे. त्याच परिच्छेदात इतर वाद्यांनाही वाव दिला आहे. मात्र ती पवित्र कार्याला योग्य असावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशी असावीत आणि भाविकांच्या श्रद्धेला खरोखर पोषक ठरावीत, अशा अटींवर. १९६७ सालच्या 'मुसिकाम साक्राम' या निर्देशात, वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, पण शब्द ऐकू येऊ नयेत इतके गायनावर कुरघोडी करू नये, असे बजावले आहे. वाजवणाऱ्याच्या अंगी नुसते कसब असून भागत नाही, त्याला उपासनेचा आशय उमगलेला असावा, असेही त्यात म्हटले आहे.

त्याआधीचा ३ सप्टेंबर १९५८ रोजीचा रोमच्या विधी-मंडळाचा निर्देश तर आपल्या विषयाला थेट भिडतो. कलावंताच्या प्रत्यक्ष कृतीने वाजणारी वाद्येच उपासनेत चालतील, आपोआप चालणारी यांत्रिक वाद्ये चालणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. स्वयंचलित ऑर्गन, ग्रामोफोन, ध्वनिफीत यांची नावे घेऊन बंदी घातली आहे. हा निर्देश परिषदेपूर्वीचा आहे, आणि आज त्याचे कायदेशीर बळ किती यावर उपासनाशास्त्राचे जाणकार वाद घालू शकतील. मला तो वाद लढवायचा नाही. त्या निर्देशामागचा विचार मात्र जुना झालेला नाही. प्रार्थना ही माणसाने करायची असते. आपल्या वतीने यंत्राला जपमाळ ओढायला लावली तर ती प्रार्थना होत नाही. गायनाला दिलेली साथ हाही प्रार्थनेचाच भाग असेल, तर ती साथ बटण दाबून सोडून देणे हे कोणत्या न्यायाने चालते?

कोणी म्हणेल, की देवळाचे ठीक, पण रिसेप्शनच्या व्यासपीठावर हा सोवळेपणा कशाला? तेथे यजमानाला नाच हवा असतो, पाहुण्यांना जेवणाची घाई असते, आणि पाच वादकांचा बॅण्ड परवडत नाही म्हणून 'वन मॅन बॅण्ड' बोलावला जातो. हल्ली तर कीबोर्डचीही गरज उरलेली नाही. लॅपटॉपवर तयार ट्रॅक लावून एकटा गायक सगळा समारंभ पार पाडतो. हा आक्षेप आर्थिक आहे आणि तो प्रामाणिक आहे. नाताळानंतर उपवासकाळापर्यंत आणि पुन्हा ईस्टरनंतर पावसाळ्यापर्यंत, एवढ्याच लग्नसराईवर ज्या वादकांची वरकमाई अवलंबून आहे, त्यांनी काटकसर करू नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

परंतु हिशेब पुरा मांडावा. बॅण्डमालकाने बेसवाल्याची बिदागी वाचवली, तसा पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी कीबोर्डसकट सर्वांची बिदागी वाचवली. बटण दाबून जे होते ते कोणीही करू शकतो, आणि जे कोणीही करू शकतो त्याचा मोबदला घसरणारच. जे यंत्राने होत नाही तेवढ्याचेच मोल टिकते. नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून एखादे कडवे पुन्हा घेणे, वधूचे वडील कन्येबरोबर नाचताना गहिवरले तर शेवटची ओळ हळूहळू मंद करीत नेणे, वीज गेली तरी ढोलक आणि आवाजावर गाणे धरून ठेवणे, हे जिवंत वादकांचेच काम आहे. ही गोष्ट आपल्या बॅण्डवाल्यांनी आपापल्या यजमानाला समजावून सांगितली पाहिजे. पाच नकोत, तीन चालतील : एक कीबोर्ड, एक बेस आणि एक ताल धरणारा. या तिघांनी एकमेकांचे ऐकून वाजवले तर त्यांच्यासमोर ट्रॅक फिका पडतो.

या ठिकाणी थोडा इतिहास आठवावा लागतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद एका मोठ्या काळापर्यंत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी तोलून धरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), शंकर-जयकिशन यांच्या रचनांचे वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, अशी किती नावे घ्यावीत? हे कलावंत आकाशातून पडले नव्हते. गोव्याच्या पारोकियल शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. देवळाचा गायकवृंद हीच त्यांची पहिली तालीम असे. देवळाला वादक हवे होते म्हणून देवळाने ते घडवले, आणि त्यांतले काही पुढे मुंबईला जाऊन पोट भरू लागले. १९८०नंतर ध्वनिमुद्रणशाळांत सिंथेसायझर आणि तालयंत्रे आली, आणि पाहता पाहता ती मोठी वाद्यवृंदे विस्कटली. व्यवसायाचे ते गणित आपल्या हाती नव्हते. परंतु देऊळ आपल्या हाती आहे. जेथे वादक घडतो ते ठिकाणही आपण आपल्या हाताने यंत्राला देऊन टाकले, तर पुढच्या पिढीतला वादक कोठून येणार?

यंत्राचा द्वेष करू नये, याचेही एक उदाहरण त्याच मुंबईतले आहे. जपानच्या रोलंड कंपनीने १९८०च्या दशकारंभी 'टीबी-३०३' नावाचे एक छोटे यंत्र काढले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसवाल्याची साथ मिळावी, हा त्याचा उद्देश. बेस गिटारसारखा आवाज त्यातून काही निघेना, यंत्र खपेना, १९८४ साली त्याचे उत्पादन बंद झाले. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी मात्र १९८२ साली हेच यंत्र हाती घेऊन त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्या वेळी त्या ध्वनिमुद्रिकेकडे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे जाणकार चकित झाले. यंत्र तेच होते. फरक एवढाच, की खर्जाचा एकेक सूर त्या यंत्रात त्यांनी स्वतः भरला होता. तयार ताल विकत घेतला नव्हता.

आमच्या गावात बेस वाजवणारा कोणी नाही म्हणून आम्ही यंत्र घेतले, असे दुसरे एक समर्थन नेहमी ऐकू येते. यात कारण आणि परिणाम यांची उलटापालट झाली आहे. ज्या खोलीत खर्ज आधीच वाजत असतो त्या खोलीत बेसवादक तयार होत नाही, कारण तेथे त्याची कोणालाच गरज भासत नाही. काही महिने खर्जाची जागा रिकामी राहू द्या. गाणे थोडे पोकळ वाटेल. त्या पोकळीतूनच कोणाला तरी वाटेल, की येथे आपण उभे राहावे. चार तारांचे वाद्य आहे. रोज अर्धा तास मन लावून बसणारा मुलगा वा मुलगी वर्षभरात साधी स्तोत्रे नीट सांभाळू शकते. मुलगी हा शब्द मी मुद्दाम लिहिला. बेस मुलांनीच वाजवायचा, असा कोणताही नियम नाही.

तिसरे समर्थन भारतीयत्वाचे. बेस गिटार पाश्चात्त्य, तेव्हा तिच्यासाठी आसवे कशाला, असे काहींना वाटते. माझे उत्तर असे, की जेथे हार्मोनियम, तबला आणि झांजा यांवर मराठी भक्तिगीते उत्तम चालली आहेत, तेथे बेस गिटार घेऊच नये. त्या वाद्यांनाही हात लागतो, भात्याला श्वास लागतो; माझी कसोटी ती पूर्ण करतात. वाद पूर्व-पश्चिमेचा नाही. आक्षेप आहे तो तबल्याच्या जागी तबल्याचे बटण आणण्याला.

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा लागतो. म्हणून खरेदीला निघालेल्या धर्मग्रामांसाठी आणि नव्या बॅण्डसाठी काही व्यवहारी गोष्टी सांगतो.

बेस गिटार चार तारांचीच घ्यावी. तिची सर्वांत जाड तार ई, तिची कंपने सेकंदाला सुमारे ४१. पाच तारांच्या गिटारीत त्याखाली सुमारे ३१ कंपनांची बी ही तार येते. पण आपल्याकडचे स्पीकर तो सूर नीट उमटवू शकत नाहीत आणि स्तोत्रांना त्याची गरजही नसते. बॅटरीवर चालणाऱ्या 'ॲक्टिव्ह' प्रकारापेक्षा साधा 'पॅसिव्ह' प्रकार बरा. मिस्सा चालू असताना बॅटरी संपण्याची भीती नाही. लहान हातांसाठी ३० इंची आखूड गिटार मिळते. तीत कमीपणा मानू नये. दुकानात दांडी डोळ्यासमोर धरून ती वाकली वा पिळवटली आहे काय ते पाहावे. प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा दाबून कोठे खरखर येते ते ऐकावे. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून निघणारा सूर आणि तेथेच दाबून निघणारा सूर एकच आहेत ना, हे तपासावे. किनाऱ्यालगतच्या गावांतील खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा तारांना गंज चढवतो, लाकडाला हलवतो; म्हणून दांडीतील सळई फिरवून ती सरळ करून देणारा कारागीर कोठे आहे याची चौकशी आधीच करून ठेवावी. रंग आणि आकार यांवर भाळू नये.

गिटारीवर सगळे पैसे खर्चून ॲम्प्लिफायरसाठी काहीच न ठेवणे ही नेहमीची चूक. बेस साध्या गिटारीच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर लावू नये. स्पीकरचा पडदा फाटतो. वॅटच्या आकड्यांनीही दिपून जाऊ नये. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. शिवाय ४१ कंपनांच्या सुराची लाट आठ मीटरहून लांब असते. उंच छताच्या देवळात ती भिंतींवर आदळून घुमत राहते, आणि स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर अधिकच घुमते. तो कोपऱ्यातून बाहेर काढावा, आवाज कमी ठेवावा आणि सूर थोडे वाजवावेत. समारंभाच्या मंडपात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचे भान ठेवावे : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

कीबोर्ड घेताना तयार तालांची संख्या वाचूच नये. बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होतो का, हे प्रथम पाहावे. ज्यात तो होत नाही ते खेळणे. एकसष्ट पट्ट्या किमान; ७३ वा ७६ मिळाल्या तर डाव्या हाताला फिरायला जागा राहते. पियानोसारख्या जड पट्ट्यांचे ८८चे वाद्य शिकण्यास सर्वोत्तम, पण ते रिक्षातून आणि लोकलमधून कोण वाहणार, याचा विचार बॅण्डवाल्याने करावा. पेडल जोडण्याची आणि मिक्सरला थेट जोडण्याची जागा असावी. शेकडो आवाजांपैकी पियानो, ऑर्गन, व्हायोलिनचा समूह आणि एखादी बासरी, एवढेच कामी येतात; ते चार नीट ऐकून घ्यावेत. अरेंजर आधीच घेतला असेल तर तो फेकून देण्याचे कारण नाही. बहुतेक मध्यम प्रतीच्या यंत्रांत तालातील एकेक भाग बंद करता येतो. देवळात सगळाच ताल बंद ठेवावा. समारंभात निदान खर्जाचा भाग बंद करून ती जागा बेसवाल्याला द्यावी. ट्रान्सपोजचे बटण तालमीत वर्ज्य करावे.

एक सूचना जिवाशी संबंधित आहे. गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याची वाईट खोड काही मंडळींना आहे. असे कधीही करू नये. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर तारांना हात आणि माइकला ओठ लागताच विजेचा जबर धक्का बसतो. गुणगुण घालवायला 'डीआय बॉक्स' नावाचे लहानसे उपकरण मिळते. ते गिटार वा कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडतात, आणि त्यावर त्यासाठीच एक खटका असतो. मंडपात वाजवायला बसण्यापूर्वी अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारण्यात संकोच बाळगू नये.

शेवटी पैशांची वाटणी. देणगी शंभर रुपयांची धरली तर माझा हिशेब असा : ४० रुपये साध्या, नीट पट्ट्यांच्या कीबोर्डला, २० बेस गिटारीला, २० तिच्या ॲम्प्लिफायरला, ८ डीआय बॉक्स, केबली आणि स्टँड यांना, आणि १२ रुपये शिकवणाऱ्याच्या मानधनाला. आज शंभरच्या शंभर रुपये एका मोठ्या यंत्रावर जातात आणि शिकवणाऱ्याने ते काम सेवा म्हणून करावे अशी अपेक्षा असते. ही वाटणी कोणी थोडी इकडेतिकडे केली तर माझी हरकत नाही. शेवटचे १२ रुपये मात्र कोणी कापू नयेत.

येत्या सणाला आपल्या धर्मग्रामात वाद्यासाठी वर्गणी निघाली, तर समितीच्या सभेत उभे राहून एकच प्रश्न विचारावा अशी माझी वाचकांना विनंती आहे : या वाद्यावर खर्ज कोण वाजवणार आहे, त्याचे नाव सांगा. नाव सांगता आले नाही, तर खरेदी एक महिना पुढे ढकलावी, आणि तो महिना नाव शोधण्यात घालवावा.